१२० ग्रॅमचं पाकीट



३० मे २०२४. नवतपा चालू होता. भर दुपारी मी कूलरमध्ये पाणी भरत होते आणि मोबाईल सारखा वाजत होता. सगळ्यांचा निरोप एकच : नागपुरात ५६ अंश! रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रानं तो आकडा दाखवला होता. आणखी एका केंद्रावर ५४ दिसत होते, तर उरलेल्या दोन ठिकाणी ४४ च्या आसपास. यंत्रातला सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्यानं केला. पण खुलासा पोचेपर्यंत ५६ चा आकडा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून फिरून परत नागपुरात आला होता.

त्यानंतर माझ्या कार्यक्रमासाठी एका हवामानतज्ज्ञांशी बोलायला बसले. मनातला पहिला प्रश्न होता, यंत्र का बिघडलं? पण तो बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘‘सर, हवेचं तापमान म्हणजे नेमकं कुठलं तापमान?’’ ते क्षणभर थांबले आणि मग समजावून सांगू लागले. जमिनीपासून साधारण चार फुटांवर एक पांढरी लाकडी पेटी असते. तिच्या चारही बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या असतात. वारा आत खेळतो, ऊन मात्र आत शिरत नाही. तापमापक त्या सावलीत टांगलेला असतो, आणि पेटी भिंतीपासून, डांबरापासून लांब, मोकळ्या जागेत ठेवतात. मी विचारलं, ‘‘मग आमच्या गाडीत ४९ दिसतात ते?’’ ते म्हणाले, ‘‘ती तुमच्या तापलेल्या गाडीची आणि खालच्या रस्त्याची धग. हवा तेवढी तापलेली नसते.’’ जाता जाता त्यांनी दोन आकडे दिले. भारतातला आजवरचा उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, ५१ अंश, २०१६ सालचा. आणि जगातला, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, ५६.७, १९१३ सालचा.

हे दोन आकडे ज्याच्या कानावरून गेले, त्याला पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या खुलाशाची वाट पाहावी लागणार नाही. रामदासपेठ डेथ व्हॅलीच्या पंक्तीला जाऊन बसली म्हटल्यावर तो स्वतःच म्हणेल, थांबा, काहीतरी चुकतंय. शास्त्रज्ञांची मुलाखत मला यासाठी हवी असते. निष्कर्ष तर वर्तमानपत्रातही छापून येतो. तो कसा काढला, कशानं मोजला आणि कुठे फसू शकतो, हे समोर बसून विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

आपलं नागपूर या बाबतीत भाग्यवान आहे. अमरावती रोडवर मातीची संस्था आहे, संत्र्याची आहे. वर्धा रोडला कापसाची आहे. पाण्याची आणि हवेची चिंता वाहणारी नीरी तर १९५८ पासून इथे आहे. कोविडच्या काळात, २०२१ साली, नाकात काडी घालायच्या ऐवजी सलाइनच्या गुळणीतून नमुना घ्यायची पद्धत नीरीनंच काढली. गुळणी म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, आजीलाही नाही आणि नातवालाही नाही. पण प्रत्येक संशोधनाच्या नशिबी असा सोपा शब्द नसतो. आपण आयुष्यभर या फाटकांसमोरून बसनं जातो आणि आत काय चालतं ते विचारायचं राहून जातं. न विचारण्याची किंमत कधी कधी फार जबर असते. आज मला मुख्यतः त्याबद्दल बोलायचं आहे.

बोंडं खाणाऱ्या अळीला मारणाऱ्या बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. दोन जनुकांचं सुधारित बियाणं २००६ मध्ये आलं. त्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर एक छोटं पाकीट मिळायचं, १२० ग्रॅमचं, साध्या म्हणजे बिगर-बीटी बियाण्याचं. ते वावराच्या कडेनं लावायचं, अशी सूचना होती. कितीतरी शेतकऱ्यांनी ते लावलंच नाही. अळी पडणारं बियाणं आपल्याच हातानं आपल्याच वावरात कोण पेरेल? त्या पाकिटातल्या बियाण्याच्या प्रतीबद्दलही तक्रारी होत्या, हेही सांगितलं पाहिजे. सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही.

मग २०१७ चा हंगाम आला. विदर्भात गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी पोखरून काढली. ही अळी मोठी फसवी. लहान असते तेव्हा ती गुलाबी नसतेच, पांढुरकी असते. ती बोंडात शिरते आणि शिरलेलं भोक मागून बुजून जातं. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक दिसतं. फोडलं तर आत सरकी खाल्लेली, रुई पिवळी पडलेली, कवडी झालेली. त्याआधीची खूण फुलात सापडते. फूल पूर्ण उमलत नाही, पाकळ्या आतून जाळ्यानं चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात. तिला डोमकळी म्हणतात. अशी एक डोमकळी मी नखानं उकलून पाहिली आहे. आत तांदळाच्या कणीएवढा काळ्या डोक्याचा जीव वळवळत होता. एवढ्याशा जिवानं एका माणसाचं वर्ष खाल्लं होतं.

त्या हंगामानंतर एका कापूस-शास्त्रज्ञांना आणि एका शेतकरीभाऊंना मी समोरासमोर बसवलं. शास्त्रज्ञांनी ‘प्रतिकारक्षमता’, ‘आश्रय ओळी’, ‘अप्रभावी जनुक’ अशी सुरुवात केली. भाऊ पाच मिनिटं मान हलवत ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘‘सायेब, थे सारं बराबर आहे. पण मले एक सांगा, थे लहान पाकीट कायले देत होते?’’

शास्त्रज्ञांनी हातातले कागद खाली ठेवले. म्हणाले, ‘‘भाऊ, असं बघा. बीटीचं झाड खाऊन लाखात एखादी अळी जगते. ती टणक निघाली. तिचा पतंग झाला. आता तुमच्या वावरात सगळीकडे बीटीच असेल, तर त्या पतंगाला जोडीदार कोण मिळणार? तसाच दुसरा टणक. मग त्यांची पिल्लं टणकच निघणार. पण कडेला साध्या पऱ्हाटीच्या ओळी असतील, तर तिथे साधे पतंग भरपूर तयार होतात. टणकाची गाठ साध्याशी पडते आणि त्यांची पिल्लं बीटी खाऊन मरतात.’’

भाऊ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हंजे घरच्या घरात सोयरीक होऊ द्याची नाही. बाहेरची सून आनाची.’’

शास्त्रज्ञांनी खिशातून पेन काढलं आणि ते वाक्य लिहून घेतलं. त्या दिवशी शास्त्रज्ञांनी सोपं करून सांगितलं म्हणून ते कळलं, असं मला वाटत नाही. भाऊंनी आपल्या शब्दांत ते परत केलं, तेव्हा ते कळलं होतं. पण मग भाऊ पुढे जे बोलले ते ऐकून माझ्या पोटात कालवलं. ‘‘येवढंच होतं त मंग पंधरा वर्सांत कोनी सांगतलं काऊन नाही?’’ याचं उत्तर आमच्यापैकी कुणाजवळ नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं, कारण ती सगळी वर्षं मी याच कामात होते आणि त्या पाकिटाबद्दल मीही कधी विचारलं नव्हतं. पुढे साधं बियाणं बीटीच्या पिशवीतच मिसळून द्यायची पद्धत आली.

माझी आणखी एक चूक सांगते. एका मुलाखतीत संशोधक मला म्हणाले होते, ‘‘हे अजून नक्की कळलेलं नाही, दोन वर्षं लागतील.’’ कार्यक्रम अर्धं मिनिट लांबत होता. मी तेवढंच वाक्य कापलं. बाकी सगळं ठाम, स्वच्छ ऐकू आलं. आठवड्यानं एका श्रोत्याचं पत्र आलं : तुमच्या कार्यक्रमात ऐकलं म्हणून मी अमुक फवारलं, फरक पडला नाही. त्या पत्राला मी स्वतः उत्तर लिहिलं आणि तेव्हापासून कात्री चालवताना शास्त्रज्ञांचं ‘माहीत नाही’ मी सगळ्यात आधी वाचवते. वेळ कमी पडला तर त्यांची पदं आणि पुरस्कार कापते.

प्रश्नाचं मोल जाणणारे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेलच. आणि ते खरोखर उत्तर पाठवत. जगभरात नाव असलेला तो माणूस पोरांची पत्रं वाचून एकेकाला उत्तर लिहीत बसे. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. सही हवी असेल तर आधी प्रश्न शोधून काढायचा, ही त्यांची अट मला फार मोलाची वाटते. घरी जाऊन मूल विचार करणार, काय विचारू? तो विचार करताना त्याचं अर्धं शिक्षण झालेलं असतं.

म्हणून आता शास्त्रज्ञांकडे जाण्याआधी मी श्रोत्यांचे प्रश्न मागवते आणि ते ज्यांच्या त्यांच्या भाषेत वाचून दाखवते, दुरुस्त न करता. परवा काटोलहून एका बागायतदार काकांचं पत्र आलं. त्यांच्या संत्र्याची आंबिया बहाराची फळं गळतात, आणि धुऱ्यापलीकडच्या बागेतली त्या मानानं कमी गळतात. दोघांचं पाणी एकाच विहिरीचं, खत सारखं. ‘असं काऊन?’ एवढाच प्रश्न. पण पत्रासोबत वहीची चार पानं जोडलेली आहेत. काकांनी एकवीस दिवस रोज सकाळी दोन्हीकडच्या ठरावीक दहा-दहा झाडांखालची गळलेली फळं मोजून ठेवली आहेत. रकाने पट्टीनं आखलेले आहेत आणि पाऊस पडला त्या तारखेपुढे छोटी फुली आहे.

ती पानं घेऊन येत्या बुधवारी मी अमरावती रोडला, संत्र्याच्या संस्थेत निघाले आहे.