शेवटच्या आजारपणात आपलाही शब्द

गटाच्या बैठकीत आम्ही कर्ज, हप्ते, व्याज सगळं बोलतो. मरणाचं बोलणं अभद्र वाटतं. पण दवाखान्यासाठी कर्ज मागायला कुणी येते, तेव्हा हा विषय समोर येतोच. म्हणून आज तोच घेतलाय.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असतील. १९७३ साली त्यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना सख्ख्या बहिणीसारखं सांभाळलं. 'त्यांना मरू द्या' हा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला. पण त्याच खटल्यातून पुढची वाट निघाली. २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरणंही येतं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे आजही गुन्हा आहे. बरं होण्याची आशा उरली नसेल, तर फक्त मरण लांबवणारी यंत्रं नाकारता येतात. वेदना कमी करणारं औषध आणि सेवा चालूच राहते.

आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते. त्याला लिव्हिंग विल म्हणतात. अठरा वर्षं पूर्ण झालेली, शुद्धीवर असलेली कुणीही ते करू शकते. दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही होते. आपल्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावं त्यात घालायची. मन बदललं तर ते केव्हाही लेखी रद्द करता येतं. २०२३ पासून ही पद्धत सोपी झाली आहे.

कागद असला तरी घरचे एकटे ठरवू शकत नाहीत. डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, मगच उपचार थांबतात.

आता मनातलं सांगतो. 'म्हातारीवर कशाला एवढा खर्च' हे शब्द आम्ही ऐकलेत. हा कायदा त्यासाठी नाही. कुणी सांगितलं म्हणून सही करू नका, अंगठाही देऊ नका. उपचार हवे असतील, तर ते मागणं हाही आपलाच हक्क आहे.

पुढच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. सासूबाईंना, आईला विचारा, 'तुम्हाला काय हवंय?' त्यांचं ऐकून घ्या.