डी-ई-एन-टी : अक्षरं चार, घराणी अनेक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'आठवणी सोडून काहीतरी बोल' अशी तंबीही दिली आहे. बरोबरच आहे. आठवणी सगळ्यांकडे आहेत आणि जेवणाच्या पंगतीत त्या आपोआप निघतील. म्हणून रात्रशाळेत निवृत्तीपर्यंत जे शिकवलं, त्यावरच बोलतो : इंग्रजी शब्दांवर. त्यातलीही चारच अक्षरं घेतो. डी, ई, एन, टी.

आपण इंग्रजी शिकलो ते पाचवीपासून. सारख्या शेपटीचे शब्द एका ओळीत लिहून घोकायचे, ही आपली पद्धत. स्टुडंट, प्रेसिडेंट, ॲक्सिडेंट, रेसिडेंट. स्पेलिंगं पाठ झाली, पण अर्थ मात्र प्रत्येकाचा वेगळा घोकावा लागला. शेपटी एक, मग अर्थ एक का नाही, हा प्रश्न रात्रशाळेतली कामगार मुलं मला हमखास विचारायची. त्याचं उत्तर इंग्रजीपेक्षा मराठीतून लवकर सापडतं, असा माझा अनुभव आहे.

आधी दाताचं घराणं घेऊ. लॅटिनमध्ये दाताला 'डेन्स' म्हणतात आणि तो शब्द चालवला की 'डेंट' असं रूप होतं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. दर भाद्रपदात लालबाग-परळमध्ये आपण ज्याच्यापुढे उभे राहतो, तो एकदंतच. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतलं साम्य योगायोगाचं नसून त्यांचं मूळ एकच असावं, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं. दंत आणि डेंट ही त्याच नात्यातली भावंडं. म्हणून दात काढणारा डेंटिस्ट, दातांची कवळी ती डेंचर, आणि सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं ते डेंटल कॉलेज. नरिमन पॉइंटच्या हॉटेलच्या नावातलं 'ट्रायडंट' म्हणजे त्रि अधिक दंत, तीन दातांचं शस्त्र. आपण त्याला त्रिशूळ म्हणतो.

याच घराण्यातला एक शब्द ऑफिसात बसला आहे. स्टोअरमधून सामान हवं असेल तर आपण 'इंडेंट' भरतो. त्यात दात कुठून आला? पूर्वी करार एकाच कागदावर दोनदा लिहीत आणि मधून करवतीच्या दातांसारखा वेडावाकडा कापत. दोन तुकड्यांचे दात जुळले की करार खरा. अशा दातेरी करारावरून 'इंडेंचर' शब्द आला. आपल्या कोकणातली माणसं मॉरिशसला मजुरीला गेली, ती अशाच करारांवर. करारामागची दातेरी कापणी कधीच बंद झाली, नाव तेवढं उरलं.

आता सावध राहा. गाडीला पडतो तो 'डेंट' दाताचा नाही. गॅरेजवाला 'डेंटिंग-पेंटिंग' म्हणतो तो डेंट जुन्या इंग्रजीतला, मूळ अर्थ ठोसा किंवा तडाखा. लॅटिन दाताशी त्याचा काही संबंध नाही. चेहरा तोच, आडनाव तेच, पण गाव वेगळं. आपल्या चाळीत एकाच आडनावाची तीन बिऱ्हाडं असायची आणि टपाल कायम चुकायचं, तसंच हे.

तिसरं घराणं सगळ्यात मोठं, आणि घोटाळा इथेच होतो. स्टुडंट, प्रेसिडेंट यांत 'डेंट' असा तुकडा मुळात नाहीच. 'ड' हा धातूचा आणि 'एंट' हा प्रत्यय. एंट म्हणजे ती क्रिया करणारा किंवा ती चालू असलेला. आपल्या 'चालता-बोलता'मधला 'त' याच प्रत्ययाचा दूरचा नातेवाईक. म्हणजे शब्द कुठे तोडायचा हे कळलं की अर्थ हाती लागतो.

तोडून बघा. 'स्टुड' म्हणजे आस धरणं, मन लावणं. मग स्टुडंट कोण? ज्याला शिकायची आस आहे तो. आपला 'विद्यार्थी' तरी काय, विद्येचा अर्थी, म्हणजे ती मागणारा. 'सिड' म्हणजे बसणं. संस्कृतातला 'सद्' तोच, ज्यातून संसद, परिषद, सदस्य आले. पुढे बसतो तो प्रेसिडेंट, ठाण मांडून राहतो तो रेसिडेंट. केईएमचे रेसिडेंट डॉक्टर आठवा. ॲक्सिडेंट आणि इन्सिडेंट यांच्या मुळाशी 'पडणं' आहे. आपणही प्रसंग पडला म्हणतो, गाठ पडली म्हणतो. 'एव्हिडंट'मध्ये 'व्हिड', म्हणजे पाहणं, आणि त्याचा संस्कृत भाऊ 'विद्', म्हणजे जाणणं. वेद आणि विद्या तिथूनच.

शेवटचा शब्द 'डिपेंडंट'. हा आपल्या बॅचला वेगळा शिकवावा लागला नाही.

दहावी होऊन दोन वर्षं होत होती आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. त्यांत आपल्यापैकी किती जणांचे वडील होते हे इथे मोजायला नको. पुढे ज्याला जिथे नोकरी लागली तिथे फॉर्म आला, आणि त्यात रकाना होता 'डिपेंडंट पेरेंट्स'. ज्यांच्या पगारावर आपण शाळेत आलो, त्यांचं नाव त्या रकान्यात लिहिताना अनेकांचा हात अडखळला.

या शब्दाचं मूळ 'पेंड', म्हणजे लोंबणं. पेंडुलम त्यातला, गळ्यातलं पेंडंटही त्यातलं. आता मराठी पाहा. पेंडुलमला आपण लंबक म्हणतो आणि डिपेंडंटला अवलंबून. दोन्ही शब्द 'लंब्' म्हणजे लोंबणं यावरून आलेले. दोन भाषांना एकच चित्र सुचलं. त्या चित्रात कमीपणा कुठेच नाही. लोंबणारा हलका आणि खुंटी मोठी, असं शब्द सांगत नाही. आज कोणाचा भार कोणावर आहे, एवढंच तो सांगतो. संपाच्या काळात वाण्याने उधारी लांबवली, आयांनी डबे करून, खानावळी चालवून घर ओढलं, धाकट्यांची फी थोरल्यांनी भरली. त्या दिवसांत गिरणगावात इंडिपेंडंट कोणीच नव्हतं, आणि त्याची लाज वाटण्यासारखंही काही नव्हतं.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आज आपली बहुतेकांची नातवंडं इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांचे उच्चार आपल्यापेक्षा सफाईदार आहेत, आणि चांगलंच आहे. पण ही चार अक्षरं त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, यात दात कुठे आहे आणि कुठे नाही? एकदंत, संसद, विद्या, अवलंबून हे शब्द ज्याच्याजवळ आहेत, त्याला उत्तर लवकर सापडेल. आपण इंग्रजीला बिचकलो, कारण मराठी ही त्या वाटेतली धोंड आहे असं आपल्याला सांगितलं गेलं. ती धोंड नव्हती, पायरी होती. नातवंडांना ती पायरी दाखवायचं काम शाळा नाही करणार. ते आपल्यालाच करायचं आहे, घरी, मराठीत बोलून.

दहा मिनिटं झाली. अध्यक्ष, म्हणजे पुढे बसलेले, घड्याळ दाखवत आहेत.