कुणाचं देणं राहिलं असेल तर

आज परिचर्येची पदवी घेणाऱ्या माझ्या मुलींनो आणि मुलांनो,

बंगळूरच्या जे. पी. नगरमधल्या या सभागृहात मला मराठीतून बोलायला मिळतंय ते तुमच्यामुळे. आजच्या पदवीधरांच्या यादीत बेळगाव, निपाणी, चंदगड, मिरज, सोलापूर अशी गावं आहेत. मीही सोलापूरची. घरात दखनी, शाळेत मराठी आणि वॉर्डात पेशंटची जी असेल ती भाषा, असं माझं आयुष्य गेलं.

तुमचं मनापासून अभिनंदन. आता पदवीदानाच्या दिवशी सहसा कुणी काढत नाही तो विषय मी काढणार आहे. मरणाचा. तुम्ही नर्स झाला आहात. कामावर रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत तुमच्या ड्यूटीत कुणीतरी शेवटचा श्वास घेईल. त्या खाटेशी उभं राहताना, मलाही एक दिवस जायचं आहे हे तुमच्या मनात स्वच्छ असायला हवं. ते ज्याच्या मनात स्वच्छ असतं त्याचे हात कापत नाहीत, आणि त्याचा दिवसही वाया जात नाही. ही गोष्ट मला इस्लामने शिकवली. तुमचा धर्म कुठलाही असो, ऐकून ठेवा.

आमच्याकडे मय्यत झाली की जनाजा कब्रस्तानात किंवा मशिदीच्या अंगणात आणतात. लोक सफा, म्हणजे रांगा, लावून उभे राहतात. इमामसाहेब पहिली तकबीर, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’, म्हणण्याआधी घरचा एक माणूस, बहुतेक वेळा थोरला मुलगा, लोकांकडे तोंड करून उभा राहतो. डोळे सुजलेले असतात, आवाज फुटत नसतो. तरी तो सांगतो, की माझ्या वालिदांकडून कुणाचं देणं राहिलं असेल तर मला सांगा, मी फेडीन. त्यांनी कुणाचं मन दुखावलं असेल तर अल्लाहच्या वास्ते माफ करा. मग नमाज होते. या नमाजेत ना वाकून रुकू, ना कपाळ टेकून सजदा. उभ्याउभ्या चार तकबिरी, की संपली.

गेलेल्या माणसाचं शिक्षण, हुद्दा, घर, गाडी, कशाचाही उल्लेख तिथे होत नाही. चौकशी एकाच गोष्टीची, देण्याची. यामागे जुनी परंपरा आहे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नि आठवणींच्या संग्रहात, प्रसंग येतो, की एका कर्जदाराचा जनाजा आला तेव्हा पैगंबरसाहेबांनी स्वतः नमाज पढवली नाही. अबू कतादा नावाच्या सहकाऱ्याने ते कर्ज आपल्या अंगावर घेतलं, तेव्हा कुठे ते पुढे झाले. दुसऱ्या एका हदीसमध्ये सांगितलं आहे, की ज्याच्याकडे वसियत, म्हणजे मृत्युपत्र, करण्याजोगं काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही जाऊ देऊ नयेत. मरणाची आठवण ठेवायची ती अशी. उसासे टाकत बसायचं नाही, आपले व्यवहार चोख ठेवायचे.

पैशाचं कर्ज मुलगा फेडू शकतो. पण आईजवळ बसायचं राहून गेलं, भावाशी अबोला धरला तो सोडायचा राहिला, ज्या पेशंटला पाच मिनिटं हवी होती त्याला ती दिली नाहीत, हे कर्ज कोणता वारस अंगावर घेईल? वेळेचं देणं ज्याचं त्यालाच आणि जिवंतपणीच फेडावं लागतं. आज मला सांगायचं आहे ते एवढंच. पुढे जे बोलेन ते सगळं याच्याच भोवतीचं आहे.

कुराणात ‘अल्-अस्र’ नावाची एक सूरा आहे, १०३वी. अवघ्या तीन आयतींची. त्यात अल्लाह काळाची शपथ घेऊन सांगतो, की माणूस तोट्यात आहे. या तोट्यातून सुटतात ते ईमान राखणारे, नेक कामं करणारे आणि एकमेकांना सत्याची नि सबुरीची आठवण करून देणारे. हे एकमेकांना आठवण करून देणं मला फार मोलाचं वाटतं. वेळ एकट्याने नीट वापरता येत नाही. वॉर्डात आपण ड्यूटी सोपवताना पुढच्या सिस्टरला एकेक पेशंट समजावून सांगतो, कुणाला ताप आहे, कुणाचं सलाइन संपत आलंय, कुणाच्या मुलाला फोन करायचा राहिलाय. ते सांगणं आळसाने केलं तर चूक तिची होते आणि जीव पेशंटचा जातो.

आणखी एका हदीसमध्ये म्हटलं आहे, की दोन नियामती अशा आहेत ज्यांच्या बाबतीत पुष्कळ माणसं घाट्यात राहतात, तब्येत आणि फुरसत. हे नर्सला कुणी समजावून सांगायला नको. धडधाकट माणसाचा वेळ आणि डायलिसिसवरच्या माणसाचा वेळ यांतला फरक तुम्ही तिसऱ्या वर्षातच पाहिलात. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास खुर्चीला बांधलेला माणूस मधल्या दिवसांचं मोल जाणतो.

ज्यांच्या नावाने हे नगर आहे ते जयप्रकाश नारायण असेच जगले. आणीबाणीत जून १९७५मध्ये अटक झाली, चंदिगडला कैदेत असतानाच मूत्रपिंडं निकामी झाली, नोव्हेंबरात सुटका होऊन मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झालं. ८ ऑक्टोबर १९७९ला ते गेले. म्हणजे जवळजवळ चार वर्षं यंत्राच्या आधाराने. आणि याच चार वर्षांत, १९७७च्या निवडणुकीसाठी, त्यांनी एकमेकांची तोंडंही न पाहणारे पक्ष एकत्र बसवले. मिरजोळीच्या समाजसुधारक हमीद दलवाईंचंही मूत्रपिंडाच्या आजारानेच ३ मे १९७७ला निधन झालं, वय ४४. ते परलोक मानत नव्हते, धार्मिक अंत्यविधीही त्यांनी नाकारले. त्यांच्या अनेक मतांशी आमच्या समाजाचं भांडण होतं, आजही आहे. पण १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढणारा आणि १९७०मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारा हा माणूस वेळेच्या हिशेबात कुणापेक्षाही कमी नव्हता, असं मी मुसलमान म्हणून म्हणते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तुमच्या वयाची मुलं या शहरात एकटी राहतात, परीक्षा, कर्ज, नोकरी, प्रेम यांच्या ताणाखाली असतात. मरण आठवणं वेगळं आणि मरण मागणं वेगळं. कितीही त्रास झाला तरी मरणाची इच्छा करू नये, अशी पैगंबरसाहेबांची स्पष्ट ताकीद आहे. जिवंत माणसाला चांगलं काम वाढवता येतं, चुकलं असेल तर तौबा करता येते. मेलेल्याला यातलं काहीच करता येत नाही. मनात अंधार दाटला तर त्याच रात्री मैत्रिणीला उठवा, शिक्षकांना फोन करा. त्यात कमीपणा नाही.

आता जरा आपल्या कामाचं. पेशंट गेला की आपण डोळे मिटतो, जबडा पट्टीने बांधतो, हातपाय सरळ करतो. घरी गुस्ल, म्हणजे अखेरची आंघोळ, देताना बायका नेमकं हेच आधी करतात. मग पडदा धरतात. कोमट पाण्यात बोरीचा पाला घातलेला असतो. उजव्या बाजूने सुरुवात, अंगावरची चादर हटवायची नाही, हात चादरीखालून फिरवायचा. शेवटच्या पाण्यात कापूर. हे सगळं हळू, जणू गेलेल्या बाईला दुखेल. आणि एक कडक नियम असा, की गुस्ल देताना शरीरावर जे दिसलं ते बाहेर कुणापाशी बोलायचं नाही. वॉर्डातली गोपनीयता मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. आजीच्या गुस्लच्या वेळी पाण्याचा तांब्या धरून उभी होते, तिथेच ती शिकले.

गेलेल्या माणसाची ही सेवा इस्लाममध्ये ‘फर्ज-ए-किफाया’ आहे. म्हणजे समाजातल्या काहींनी केली तर सगळे सुटले. कुणीच केली नाही तर सगळेच गुन्हेगार. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या शहरातल्या अनेक संस्था ‘मर्सी मिशन’ म्हणून एकत्र आल्या. त्यांच्या ‘मर्सी एंजल्स’ या स्वयंसेवकांनी, सख्खे नातेवाईकही जवळ यायला घाबरत होते त्या दिवसांत, कोरोनाने गेलेल्यांचे देह उचलले. हिंदूंना चितेपर्यंत, ख्रिश्चनांना आणि मुसलमानांना मातीपर्यंत, ज्याच्या त्याच्या रीतीने पोचवलं. उद्या आपणही जाऊ शकतो हे त्यांना नीट माहीत होतं. म्हणूनच ते घरी बसले नाहीत. आपल्या पेशातली थोरलीसुद्धा अशीच होती. सातव्या शतकात मदिनेत रुफैदा नावाची बाई मशिदीजवळ तंबू ठोकून जखमींची शुश्रूषा करायची. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या सअद बिन मुआज यांना तिच्याच तंबूत ठेवलं होतं. ते वाचले नाहीत. रुफैदाचा तंबू चालू राहिला.

वाचवता आलं नाही तरी काम चालू ठेवायचं, याविषयीची एक हदीस मला सगळ्यांत प्रिय आहे. कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात खजुराचं रोप असेल, तर शक्य असल्यास ते लावून टाका. सावली कोण घेणार, फळ कोण खाणार, हा विचार तुमच्याकडे नाही. हातात रोप आहे ना, मग लावा.

असं लावलेलं रोप पाहायचं असेल तर इथल्या जे. पी. नगर स्थानकात हिरव्या मार्गाची मेट्रो धरा. बनशंकरी, आर. व्ही. रोड, जयनगर, साउथ एंड सर्कल आणि मग लालबाग. १७६०मध्ये हैदर अलीने ही बाग लावायला घेतली, १७८२मध्ये तो गेला. टिपूने दूरदूरच्या मुलखांतून रोपं आणून ती वाढवली, १७९९मध्ये तोही गेला. आज सकाळी तिथे फिरणाऱ्या माणसांचा कुठला धर्म आहे हे ती झाडं विचारत नाहीत. बागेतल्या खडकावर एकदा बसून या. तो सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. त्यावर बसलं की आपली साठ-सत्तर वर्षं केवढी ते कळतं, आणि मग त्यातलं एकेक वर्ष फार मोठं वाटू लागतं.

एका हदीसप्रमाणे माणूस मेला की त्याचं कर्म थांबतं, तीन गोष्टी सोडून: सतत चालणारा सदका म्हणजे दान, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. असं ज्ञान मागे ठेवून गेलेले डॉ. मुमताज अहमद खान शल्यचिकित्सक होते. १९६६मध्ये, तिशी ओलांडते न ओलांडते तोच, त्यांनी याच शहरात अल-अमीन शिक्षणसंस्था सुरू केली. २७ मे २०२१ला ते गेले. त्यांच्या कॉलेजात आज सकाळीसुद्धा हजेरी झाली असेल.

तुम्ही कॉलेज काढायलाच हवं असं नाही. एखाद्या घाबरलेल्या ज्युनियरला शीर नीट शोधायला शिकवलंत, तर ते ज्ञानही तुमच्या मागे चालत राहील.

माझं एक काम कराल? आज रात्री जेवणाआधी एक कागद घ्या आणि त्यावर नावं लिहा. कुणाचे पैसे द्यायचे आहेत, कुणाचं पुस्तक तुमच्याकडे राहिलंय, कुणाची माफी मागायची आहे, हॉस्टेलच्या कुठल्या मावशींना चार वर्षांत एकदाही धन्यवाद म्हटलं नाही. बेळगावची, सोलापूरची गाडी उद्या संध्याकाळी आहे. तोवर त्यातली जेवढी देणी फेडता येतील तेवढी फेडा, आणि मगच गाडीत बसा.