ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स खरंच गेलाय का?

आजचा विषय जरा वेगळा आहे. पापड-लोणच्याचा नाही आणि कर्जाच्या हप्त्याचाही नाही, पण दोन्हींच्या पैशाला हात घालणारा आहे. आज आपण जुन्या ऑटोमॅटिक गाडीबद्दल बोलू.

आपल्याकडे या गाड्या कशा येतात ते तुम्हाला माहीत आहे. मुंबईचे चाकरमानी नवी गाडी घेतात आणि जुनी गावच्या अंगणात येऊन उभी राहते. क्लच दाबायचा नसतो, म्हणून घरातल्या बायका ती पटकन शिकतात. मग त्याच गाडीतून गटाचे काजूगर, आगळ, फणसपोळी रत्नागिरीच्या बाजारात जाते. सासूबाई दवाखान्यात जातात त्या याच गाडीतून. आणि एक दिवस चढणीला गाडी नुसती ओरडते, पुढे काही जात नाही. कुणीतरी बोनेट उघडायच्या आधीच सांगतो, "ताई, गिअरबॉक्स गेला." आणि जो आकडा सांगतो, त्यात गाडीची निम्मी किंमत निघते.

गिअरबॉक्स जातो, खोटं नाही. पण आधी ते ठरवावं लागतं, आणि ठरवण्याचा एक क्रम असतो. फुकटात बघता येतं ते पहिलं, स्वस्तातलं नंतर, आणि गिअरबॉक्स उतरवणं सगळ्यात शेवटी. हा क्रम माहीत असायला मेकॅनिक असावं लागत नाही. वही घ्या आणि लिहून घ्या.

पहिलं काम, आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा. गिअरच्या दांड्याजवळची अक्षरं बघा. पी, आर, एन, डी अशी अक्षरं असतील, म्हणजे पार्किंगचा पी असेल, तर ती बहुतेक जुन्या पद्धतीची ऑईलवर चालणारी ऑटोमॅटिक किंवा पट्ट्यावर चालणारी. पी नसेल, नुसतं आर, एन, डी आणि बाजूला एम किंवा अधिक-उणे अशी खूण असेल, तर ती बहुतेक एएमटी. 2014 साली मारुतीची सेलेरिओ आली, तेव्हापासून या स्वस्तातल्या ऑटोमॅटिक गाड्या आपल्याकडे वाढल्या. पुढे अल्टो, वॅगन आर, नॅनो, टियागो यांतही एएमटी आली. त्यांतल्या पहिल्या गाड्या आता दहा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत.

हा फरक पैशाचा आहे. एएमटीमध्ये आतला गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच असतो, क्लच प्लेटही असते. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्या पायाऐवजी एक यंत्र करतं. म्हणून एएमटी चढणीला ओढेना, तर आधी क्लच प्लेटचा संशय घ्यायचा. प्लेट बदलणं हे अख्खा गिअरबॉक्स बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त काम आहे.

पट्ट्याची पद्धत तुमच्या ओळखीची आहे. अ‍ॅक्टिव्हा चालवता ना? तिच्यात पट्टाच असतो. तो झिजला की स्कूटर आवाज करते आणि पळत नाही. ऑईलवर चालणारी मात्र वेगळी. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. या गाडीत वाऱ्याच्या जागी ऑईल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, ऑईल दुसरा फिरवतं आणि चाकांना जोर मिळतो. गिअर बदलणंही ऑईलच्या दाबावरच चालतं. म्हणजे ऑईल कमी झालं किंवा खराब झालं, तर गिअरबॉक्स चांगला असूनही गेल्यासारखा वागतो.

म्हणून दुसरं काम ऑईलचं. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी डाग बघा. नितळ पाणी असेल तर ते एसीचं, काळजी नको. काळा-तपकिरी डाग बहुतेक इंजिन ऑईलचा. लालसर, तेलकट डाग गिअरबॉक्सच्या ऑईलचा असू शकतो. रेडिएटरचं पाणीही काही गाड्यांत लाल किंवा गुलाबी असतं. मग बोट लावून बघा. तेलकट लागलं आणि पाण्यात टाकल्यावर तरंगलं तर ते ऑईल. बघून झालं की हात साबणाने धुवा आणि पुठ्ठा पोरांच्या, कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नका.

काही गाड्यांत गिअरबॉक्स ऑईल मोजायची वेगळी काठी असते. ती कशी बघायची ते गाडीसोबतच्या पुस्तकात दिलेलं असतं. गाडी सपाट जागी हवी हे सगळीकडे सारखं, पण काही कंपन्या इंजिन चालू ठेवून बघायला सांगतात, काही बंद करून. काठी नसेल तर गाडी वर उचलून खालून बघावं लागतं, ते काम मेकॅनिकचं. काठीवरचं ऑईल पांढऱ्या फडक्याला पुसा. लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी असेल तर जुनं झालंय. काळं आणि करपल्याचा वास असेल तर आतल्या प्लेटा जळायला लागल्या आहेत. आणि गुलाबी दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, मग गाडी चालूच करू नका.

पाण्याचा विषय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा किती गाड्या पाण्याखाली होत्या, ते आपण पाहिलंय. 26 जुलै 2005 ला मुंबईत तेच झालं. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून चकचकीत करता येते, पण गिअरबॉक्समध्ये शिरलेलं पाणी प्लेटांचं अस्तर सोडवतं आणि लोखंडाला गंज चढवतं. दुखणं काही महिन्यांनी वर येतं. गट मिळून जुनी गाडी घेणार असाल, तर पायाखालचा गालिचा उचलून चिखल बघा, सीटच्या पट्ट्यांचा गंज बघा, कुबट वास घ्या. आणि गाडी एवढी स्वस्त का, हे तोंडावर विचारा.

तिसरं काम, लक्षण नेमकं लिहून ठेवा. "गाडी बिघडली" एवढ्याने भागत नाही. केव्हा होतं? गाडी थंड असताना की तापल्यावर? पुढे जाताना की मागे घेताना? चढणीला की सपाटीला?

एक तपासणी घरी करता येते. गाडी सपाट जागी उभी करा, पुढेमागे माणूस नको. हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक घट्ट दाबा, इंजिन चालू करून थोडं तापू द्या. आता एनवरून डीवर घ्या. साधारण सेकंदाभरात गाडी किंचित हलल्यासारखी वाटली पाहिजे. मग एनवर आणून आरवर घ्या. डी आणि आर दोन्ही उशिरा लागत असतील तर ऑईल, त्याचा फिल्टर किंवा पंप यांच्याकडे बोट जातं. एकच उशिरा लागत असेल तर आतल्या ठरावीक प्लेटांवर संशय. यात अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही. ब्रेक धरून रेस देत राहिलात तर ऑईल तापतं आणि दुखणं वाढतं. ही तपासणी पी असलेल्या गाडीसाठी आहे, एएमटीसाठी नाही.

आता गिअरबॉक्सचं सोंग घेणारी दुखणी सांगते. दांडा पीवरून हलतच नाही? ब्रेक दाबून मागचे लाल दिवे लागतात का, ते कुणाला तरी बघायला सांगा. दिवे लागत नसतील तर ब्रेकच्या पायाजवळचं छोटं स्विच किंवा फ्यूज गेलेलं असतं. ते स्विच सांगत नाही तोवर गाडी दांडा सोडत नाही. दिवे लागतात आणि गाडी उतारावर उभी आहे? मग सगळा भार आत एका खिट्टीवर आलेला असतो. म्हणून उतारावर आधी हँडब्रेक ओढायचा, मग पी.

डीवर टाकताना धाड आवाज येतो? इंजिनखालचे रबराचे माउंट फाटलेले असू शकतात. चाळीस-पन्नासच्या वेगाला गाडी थरथरते, रस्त्यावरच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी? ते गिअरबॉक्सचंही असतं आणि इंजिनच्या खराब स्पार्क प्लगचंही. आधी प्लग बघायला सांगा.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि समोर दिवा लागला? तर गाडीच्या कॉम्प्युटरने जपून चालायचं ठरवलंय. कारण आतलं असेलच असं नाही. सेन्सर, वायर, बॅटरी, काहीही असू शकतं. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात. किनाऱ्याच्या गावांत खारी हवा बॅटरीच्या टोकांना आणि अर्थिंगच्या वायरला खाते. एएमटीला तर बॅटरी नीट नसली की गिअरच सापडत नाही. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, सेल्फ मंद फिरला, तर पहिली बॅटरी तपासा.

स्कॅनर लावला की कोड येतो. पी 0700 हा कोड नेहमी दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने तक्रार नोंदवली आहे. तक्रार काय, ते सोबतच्या दुसऱ्या कोडमध्ये असतं, आणि तोही कुठे बघायचं एवढंच सांगतो. नुसता कोड दाखवून कुणी गिअरबॉक्स उतरवायला निघालं, तर थांबवा.

गॅरेजमध्ये चार गोष्टी विचारा. ऑईल बघितलं का, कसं होतं? कोड कोणते आले, लिहून द्याल? बॅटरी आणि वायरिंग तपासलं का? आणि उघडायचंच असेल तर तपासणीचे किती, सामानाचे किती, मजुरी किती, हे वेगवेगळं लिहून द्या. काढलेला जुना भाग परत मागा. ऑईल बदलायचं ठरलं तर पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचंच घाला. एकाचं ऑईल दुसऱ्याला चालत नाही, चुकीच्या ऑईलने चांगला गिअरबॉक्सही बिघडतो. आणि करपलेल्या प्लेटा नव्या ऑईलने बऱ्या होत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

जिवाच्या दोन-तीन गोष्टी. करपल्याचा वास आला किंवा रेस वाढते पण गाडी ओढत नाही, असं आंबा घाटात किंवा कुंभार्लीत झालं, तर तशीच रेटू नका. सुरक्षित जागी बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. चढणीवर रांगेत थांबलात तर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा. त्या तोलण्यात एएमटीची क्लच प्लेट जळते. उतरताना गाडी एनवर टाकू नका, खालचा गिअर ठेवा. पी असलेली ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाही, आणि दोरी बांधून टोचन केली तर गिअरबॉक्स कोरडा फिरून खराब होऊ शकतो. इंजिन ज्या चाकांना फिरवतं ती चाकं वर उचलून न्यायला सांगा, नाहीतर अख्खी गाडीच गाडीवर चढवून.

हे सगळं करूनही कधीकधी उत्तर तेच येईल, की गिअरबॉक्स गेलाय. तेव्हा दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची आजची किंमत शेजारी शेजारी लिहा आणि गटात बसून ठरवा. गाडी विकावी लागली तरी चालेल, पण ते कुणाच्या एका वाक्यावरून नको.

पुढच्या बैठकीला एक करा. ज्या मैत्रिणीकडे ऑटोमॅटिक गाडी आहे, तिच्या अंगणात जमा. गाडीचं पुस्तक शोधून काढा, दांड्याची अक्षरं वाचा, बोनेट उघडा, बॅटरीची टोकं बघा, ब्रेकचे दिवे तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे. गाडी चांगली असताना हे बघून ठेवलंत, तर बिघडेल त्या दिवशी गॅरेजमध्ये तुम्ही फक्त ऐकत उभ्या राहणार नाही. प्रश्न विचाराल.