मातेचे दूध : पहिल्या दिवसांची कसोटी

(जागतिक स्तनपान सप्ताहात प्रसूती विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्तनपान निसर्गदत्त आहे, असे आपण सारेच म्हणतो. त्यामुळे ते आपोआप जमेल अशी अपेक्षा नवमातेकडून केली जाते आणि जमले नाही की दोषही तिच्याच माथी येतो. आमचा अनुभव निराळा आहे.

प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस केवळ चीक येतो, दाट, पिवळसर आणि थोडाच. तो पाहून घरची मंडळी चिंतातुर होतात. वस्तुतः पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात एका वेळी चमचा-दीड चमचाच दूध मावते. रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असा तो चीक त्यास पुरतो. पान्हा भरून येण्यास तीन-चार दिवस लागतात, सिझेरियननंतर कधी त्याहून अधिक. नेमक्या याच अवधीत कोणी मध चाटवते, कोणी डबा-बाटली आणते. पोट भरलेले बाळ ओढत नाही, न ओढल्याने दूध आणखी आटते, आणि 'हिला दूधच नाही' हा शिक्का खरा ठरतो.

येथे आम्हीही निर्दोष नाही. मातेस विश्रांती मिळावी म्हणून पूर्वी आमच्याच विभागात रात्री बाळांना वरचे दूध दिले जाई. हेतू चांगला होता, एवढेच म्हणता येईल. ती प्रथा आम्ही बंद केली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे ४१.८ टक्केच होती. प्रसूती रुग्णालयातच होत असताना हा आकडा इतका कमी राहावा, याचा दोष केवळ घरांवर ढकलता येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात एक माता पाचव्या दिवशी परत आली. स्तनाग्रांना भेगा, दूध दाटून ताप, बाळाचे वजन उतरलेले. सासूबाई खिन्न, आई रडवेली. खाटेभोवतीची गर्दी हटवून पडदा ओढल्यावर ती एवढेच म्हणाली, "सगळ्यांच्या देखत मला पाजवत नाही." डॉक्टरांनी तापावर औषध दिले, पाजणे मात्र थांबवले नाही. परिचारिकेने बाळ धरण्याची पद्धत बदलली. नुसते स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही बाळाच्या तोंडात जाईल असे पाहिले. उरलेले दूध हाताने काढून वाटी-चमच्याने पाजले. सासूबाईंनी स्वतःहून दारापाशी राखण केली, हे मुद्दाम सांगावयास हवे. पंधरवड्यात बाळ जन्मवजनावर आले.

प्रत्येक मातेचे असे होतेच असे नाही. काहींना वैद्यकीय कारणाने वरचे दूध द्यावे लागते. त्यांना कोणी खाली मान घालावयास लावू नये.

देणगीदारांकडे आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक खाटेस पडदा, पाठ टेकावयाच्या खुर्च्या आणि दूध काढण्याचा एक पंप. परंतु सर्वाधिक निकड आहे ती रात्रपाळीच्या समुपदेशिकेच्या वेतनाची; कारण घरच्यांना बाटलीची आठवण होते ती बहुधा रात्री दोन वाजता.