वीज गेलेल्या घरांतील उन्हाळा

वैशाखांतील दुपार परभणीच्या काळ्या रानावर उतरली म्हणजे गोदाकांठचा सारा मुलूख तापलेल्या तव्यासारखा होतो. पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, रस्ते ओस पडतात, आणि लिंबाच्या सांवलींत गुरें माना खालीं घालून उभीं राहतात. अशा वेळीं घरांतला पंखा एकाएकीं मंदावतो, दोन-चार फेरे घेतो आणि थांबतो. पहिल्या घटकेला कोणी तें फारसें मनावर घेत नाहीं. ‘येईल आतां,’ असें म्हणून मंडळी वर्तमानपत्रानें वारा घेऊं लागतात. परंतु वळिवाच्या वादळानें खांब आडवे झाले असले, किंवा रोहित्र जळालें असलें, तर तें ‘आतां’ दुसऱ्या, तिसऱ्या दिवसावर जातें. आणि मग वीज हा सोयीचा प्रश्न न राहतां जिवाचा प्रश्न होऊन बसतो.

परभणीकरांस हा अनुभव नवा नाहीं. २००५ पासून २०१२ पर्यंतच्या वर्षांत भारनियमन हा शब्द महाराष्ट्रांतील लहान मुलांनाहि पाठ झाला होता. ग्रामीण भागांत बारा-बारा तास वीज नसे. त्या काळीं वीजवाहिन्यांचे ‘ए’पासून ‘जी’पर्यंत गट पाडण्यांत आले होते, जिच्यावर गळती आणि थकबाकी अधिक, तिच्या वांट्याला अंधारहि अधिक. हिशेबाच्या वहींत हा न्याय बरोबर दिसतो. परंतु एकाच वाहिनीवर वेळच्या वेळीं बिल भरणारी एखादी वृद्धा राहते, आणि तारेवर आकडा टाकणारा दांडगाहि राहतो. पंखा दोघांचाहि बंद होतो. सोसण्याची ताकद मात्र दोघांची सारखी नसते.

पुढें २०१३ सालीं आणखी एक धडा मिळाला. शेजारच्या बीड जिल्ह्यांतील परळीचें औष्णिक विद्युत् केंद्र हें त्या वेळीं ११३० मेगावॉट क्षमतेचें. त्याला पाणी मिळे तें परभणी जिल्ह्यांतील सोनपेठ तालुक्यांतल्या खडका बंधाऱ्यांतून, म्हणजे गोदावरींतून. दुष्काळानें नदी आटली आणि त्या वर्षींच्या फेब्रुवारींत पाण्याअभावीं सारें केंद्र बंद ठेवावें लागलें. २०१५ च्या जुलै महिन्यांत तोच प्रसंग पुन्हा आला. वीज कोळशापासून होते हें सर्वांस ठाऊक होतें. ती पाण्यावांचूनहि होत नाहीं, हें तेव्हां उमगलें. २०२२ च्या एप्रिलमध्यें उन्हामुळें मागणी वाढली, कोळसा अपुरा पडला, आणि भारनियमन पुन्हा आलें. ज्या उन्हामुळें पंख्याची गरज वाढते, तेंच ऊन पंख्याची वीजहि हिरावून नेऊं शकतें. म्हणून विजेवांचून उन्हाळा कसा काढावा, ही विद्या जुनी झाली असें मानून चालणार नाहीं.

या विद्येचें मूळ शरीराच्या रचनेंत आहे. माणसाच्या शरीराचें उष्णतामान सुमारें ३७ अंश असतें, आणि त्वचेचें सुमारें ३५. बाहेरची हवा याहून तापली म्हणजे ती शरीराची उष्णता घेत नाहीं, उलट शरीराला देते. मग थंड होण्याचा एकच मार्ग उरतो: घाम येणें आणि तो वाळणें. एक लिटर पाणी अंगावरून वाळतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातें. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरांत इतकी उष्णता सात-आठ तासांत निर्माण होते. म्हणजे पंखा थंडावा निर्माण करीत नाहीं. तो फक्त घाम लवकर वाळवितो. अंग कोरडें असेल तर ४४ अंशांच्या हवेंत पंखा भात्यासारखा तापच फुंकतो. याचें दुसरें टोक परभणीकरांच्या सोयीचें आहे. कोंकणांत हवा दमट असते, तेथें ओलें फडकें लवकर वाळत नाहीं; परभणीच्या उन्हाळ्यांत दुपारची हवा अगदीं कोरडी, तेथें तेंच फडकें पाहतां पाहतां गार पडतें. मातीचा माठ याच नियमानें पाणी थंड ठेवतो. अंगावर ओला पंचा आणि हातांत विंझणा, एवढ्यानेंच अंग पुष्कळसें निवतें.

अडचण असते ती पाण्याची. वीज गेली कीं पाणी चढविणारे पंप थांबतात, नळ कोरडे पडतात, आणि घागरींचा हिशेब सुरू होतो. अशा वेळीं वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपावें कीं नाहीं, हा प्रश्न श्रीमंतीचा नव्हे, शहाणपणाचा आहे. पडद्यावरचें पाणी सारी खोली थोडी थंड करतें. अंगावरच्या पंचाचें पाणी एका माणसाला पुष्कळ थंड करतें. पाणी थोडें असेल तर पहिला मान पिण्याचा, दुसरा अंगावरच्या पंचाचा, आणि उरलें तर पडद्याचा. तहान लागण्याची वाट पाहूं नये. म्हाताऱ्या माणसांना तर ती उशिरां लागते. ताक, कैरीचें पन्हें आणि ज्वारीची आंबील हीं मराठवाड्याच्या घरांतलीं जुनीं पेयें केवळ चवीचीं नव्हत. घामावाटे गेलेलें पाणी आणि मीठ हीं दोन्ही त्यांतून परत मिळतात. कांहींच नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावें. मात्र ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांच्या पाण्याचें व मिठाचें प्रमाण उन्हाळ्याआधींच वैद्यांना विचारून ठेवावें.

घराच्या बाबतींत पूर्वजांनीं बराच विचार केलेला होता. मराठवाड्यांतील जुनीं माळवदाचीं घरें आठवावींत: जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचें ऊन त्या थरांतून उतरून आंत पोंचेपर्यंत रात्र पडे, आणि तोंवर मंडळी माळवदावर अंथरुणें टाकून मोकळीं झालेलीं असत. आजचा पत्रा तितकी दया दाखवीत नाहीं. सूर्य वर आला कीं खोलीची भट्टी होते. सिमेंटची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर तें परत देते. पत्र्यावर अथवा गच्चीवर उन्हाळ्यापूर्वीं पांढरा चुना दिला, तर बरेंच ऊन वरच्या वर परततें. पहांटे दारें-खिडक्या उघडाव्यात, आणि बाहेरची हवा आंतल्याहून तापूं लागली कीं त्या बंद करून उन्हाच्या बाजूला बाहेरून गोणपाट टांगावें. ‘बंद घरांत कोंडल्यासारखें होतें,’ अशी तक्रार येतेच; परंतु पक्क्या भिंतींच्या घरांत ती घुसमट झळेपेक्षां बरी. पत्र्याच्या खोलीला मात्र हा नियम लागूं नाहीं. तेथें बंद दार म्हणजे मरण. अशा घरांतील माणसांनीं दुपारीं झाडाखालीं, देवळाच्या सभामंडपांत अथवा शेजारच्या मातीच्या घरांत जाणें हाच खरा उपाय होय.

ज्या घरांत इन्व्हर्टर आहे, तेथें संयमाची परीक्षा असते. पहिल्या दिवशींच सगळे पंखे आणि दूरदर्शन चालवून बॅटरी रिकामी केली, तर दुसऱ्या रात्रीं आजाऱ्याच्या उशापाशीं वारा राहत नाहीं. ती शक्ति रात्रीसाठीं, आणि घरांतल्या सर्वांत दुबळ्या माणसासाठीं राखून ठेवावी. कारण दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रींहि उतार मिळाला नाहीं, तर दुसरा दिवस अधिक कठीण जातो. शीतकपाट उघडलें नाहीं तर सुमारें चार तास थंडावा धरतें. पुढें दूध-भाजीचा विश्वास धरूं नये. मधुमेह्याचें इन्सुलिन कोरड्या पिशवींत घालून मडक्यांत ठेवावें, तें मडकें दुसऱ्या मोठ्या मडक्यांत बसवून मधल्या जागेंत ओली वाळू भरावी, आणि सारें सांवलींत ठेवावें.

आतां धोक्याची खूण. डोकें दुखणें, मळमळ, पायांत गोळे येणें, ही सूचना झाली. सांवली, विश्रांति आणि पाणी यांनीं ती निभते. परंतु माणूस असंबद्ध बोलूं लागला, झोकांड्या खाऊं लागला किंवा शुद्ध हरपूं लागला, आणि अंग चटका देऊं लागलें, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहूं नये. अशा वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसूं नये. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावें आणि जोरानें वारा घालावा. शुद्धींत नसलेल्याच्या तोंडांत पाणी घालूं नये. तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें.

शेवटचा मुद्दा पाण्याचा नाहीं आणि माठाचाहि नाहीं. १९९५ च्या जुलैंत अमेरिकेंतील शिकागो शहरीं उष्णतेची लाट आली आणि थोड्याच दिवसांत सातशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत एकटीं राहणारीं वृद्ध माणसें पुष्कळ होतीं. कित्येक बंद दारांआड सांपडलीं. २०२१ सालीं न्यू ऑर्लिन्समध्यें वादळानें वीज गेल्यावर वाऱ्यापावसानें वांचलेलीं माणसें पुढच्या उकाड्यानें घरांत गेलीं. आपल्याकडे अहमदाबादेंत २०१० च्या मे महिन्यांत नेहमींपेक्षां १,३४४ मृत्यु अधिक झाले. त्यानंतर त्या शहरानें २०१३ सालीं उष्णतेला तोंड देण्याची योजना आंखली, आणि लोकांना वेळेवर सूचना देणें हा तिचा एक मुख्य भाग ठेवला.

सूचना नभोवाणीवरून देतां येते, दारावर थाप मात्र शेजाऱ्यालाच मारावी लागते. ज्यांचीं मुलें पुण्यामुंबईस नोकरीला आहेत अशीं म्हातारीं जोडपीं परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू येथल्या गल्लीगल्लींत आहेत. दार वाजवून ‘काकू, माठांत पाणी आहे ना?’ एवढें विचारायला क्षण पुरे. उत्तर नीट आलें तर पुढें जावें. उत्तर उशिरां आलें किंवा भलतेंच आलें, तर तेथेंच थांबावें. रोहित्र दुरुस्त व्हायला दोन दिवस लागोत कीं चार, तोंवर गल्लींतल्या एकाहि घराचें दार दुपारभर हांकेवांचून राहूं नये.