एका मिशन-शाळेची वर्षअखेर
(नभोवाणीवरील भाषण)



एप्रिल महिन्याच्या अखेरीस कोणत्याही प्राथमिक शाळेंत डोकावलें, तर एक चमत्कारिक दृश्य दिसतें. मुलांचा गलबला थांबलेला असतो, फळ्यावर शेवटच्या दिवसाची तारीख तशीच राहिलेली असते, आणि शिक्षक मात्र वर्षभरांत कधीं नव्हते इतके कामांत गढलेले असतात. कोणी प्रगतिपुस्तकें भरीत असतो. कोणी जडवस्तूंच्या नोंदवहीशीं ताडून मोडक्या बांकांची मोजदाद करीत असतो. कोणी पोषण-आहाराच्या तांदळाचीं पोतीं पुन्हां पुन्हां मोजतो, कारण कागदावरचा तांदूळ आणि कोठींतला तांदूळ यांचें सख्य असतेंच असें नाहीं. या कामांत माझें उभें आयुष्य गेलें. मी मॅट्रिक झालेला, शिक्षकी पेशाची पदविका घेतलेला एक साधा मास्तर. नोकरी केली ती वैजापूर तालुक्यांतील एका कॅथॉलिक मिशनच्या मराठी शाळेंत. निवृत्त होऊन आतां कांहीं वर्षें लोटलीं. तरी वर्षअखेरच्या बैठकीला फादर मला अजून बोलावितात, आणि मीहि उन्हाची पर्वा न करतां जातों. शाळेचें नांव मी सांगणार नाहीं. तिचे गुण सांगतांना दोषहि सांगावे लागणार आहेत, आणि त्यांतला मुख्य दोष माझा स्वतःचा आहे.

वैजापूरसारख्या गांवीं कॅथॉलिक शाळा कशी, असा प्रश्न शहरांतल्या श्रोत्यांना पडेल. मुंबईच्या किंवा पुण्याच्या मिशन-शाळा त्यांना ठाऊक असतात; टाय बांधलेलीं मुलें आणि इंग्रजी प्रार्थना हें चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर असतें. आमच्या तालुक्यांतला प्रकार निराळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नांवानें चालणाऱ्या संघाचे फ्रेंच धर्मगुरु या भागांत आले. त्यांपैकीं फादर जाकिये यांचें नांव घोगरगांवाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. ज्यांना गांवाच्या विहिरीवर आणि गांवाच्या शाळेंत जागा नव्हती, अशांच्या वस्तींत हें काम उभें राहिलें. तेव्हां आमचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. वरच्या शिक्षणांत उर्दूचें प्राबल्य, आणि खेड्यांत शाळाच विरळा. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य संपलें. पुढें १९७७ सालीं औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आज त्या शहराला व जिल्ह्याला छत्रपति संभाजीनगर म्हणतात. परंतु जुन्या ख्रिस्ती कुटुंबांतल्या म्हाताऱ्या बायांना विचारलें, तर त्या अजून घोगरगांवापासूनच मोजायला लागतात.

मी स्वतः वारकरी घरांतला. आमच्या शाळेंत ख्रिस्ती, हिंदु, बौद्ध, मुसलमान अशीं सगळीं मुलें एका पंक्तीला खिचडी खातात. नाताळचा गोठा उभारायला ज्या मुलाचे हात सर्वांत चपळ चालत, त्याचे वडील गांवच्या भजनी मंडळांत पखवाज वाजवीत. त्यामुळें वर्षाचें वेळापत्रक आंखतांना आम्हांला मोठी कसरत करावी लागते. गुड फ्रायडेची सुट्टी सरकारीच असते. पण श्रावणांत सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह जवळपास कोठें बसला, कीं अर्धी शाळा तिकडे भाकरी वाहायला जाते. पुढें पोळा, आणि सप्टेंबरांत हरेगांवची मतमाउलीची यात्रा, तिला तर ख्रिस्ती नसलेलेहि नवस फेडायला जातात. या दिवसांत घटक चाचणी ठेवूं नये, एवढें साधें शहाणपण सुचायला आम्हांला कित्येक वर्षें लागलीं. यंदाच्या बैठकींत पहिल्या पांच मिनिटांतच तें वेळापत्रक मंजूर झालें. पुस्तकांची मागणी, गळके छप्पर, हातपंप हेहि विषय लवकर निघाले. खरी गांठ होती ती निराळ्याच ठिकाणीं.

ती गांठ म्हणजे एक आंकडा. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या परिशिष्टांत असें लिहिलें आहे, कीं पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, आणि एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन. त्यावरचे सरकारी निर्णय वेळोवेळीं बदलतात. पण अनुदानित शाळेच्या माथ्यावर ही तलवार सदैव टांगलेली असते. ३० सप्टेंबरच्या पटावर एक मूल कमी निघालें, तर एक मास्तर जादा ठरण्याची धास्ती. मग एकाच खोलींत तीन इयत्ता, एका भिंतीला पहिली, दुसऱ्या भिंतीला दुसरी, आणि दाराशीं तिसरी. मीं तशी शाळा चालविली आहे. त्यांत शिकविणें कमी आणि गप्प बसविणें जास्त, हें मी अनुभवानें सांगतों.

आमचा पट साठ-एकसष्टच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे. त्याचीं कारणें दोन. पहिलें कारण रोज सकाळीं पिवळ्या रंगाचें येतें; तें वस्तीवस्तीवर भोंगा वाजवीत जातें आणि इंग्रजी शाळेचीं मुलें भरून नेतें. दुसरें कारण दिवाळीनंतर ट्रकांतून जातें. मराठवाड्यांतून दरवर्षीं ऊसतोडीला माणसें निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो; आणि त्या कोयत्याबरोबर झोळींतलें तान्हें व पाटीवरचें पोर दोन्हीं जातात. कारखाना बंद झाला, कीं मार्च-एप्रिलमध्यें तीं परततात. म्हणजे आमचें वर्ष संपतें, तेव्हां त्यांचें घरीं येणें सुरू होतें.

बैठकींत फादरांनीं सरळच विचारलें, “गुरुजी, जूनपासून पहिलीचा वर्ग इंग्रजी माध्यमाचा करावा असें संस्थेंत कांहींचें म्हणणें आहे. आपलें मत काय?” तरुण सिस्टर केरळांतून आलेल्या, मराठी इथें येऊन शिकल्या आणि आतां आमच्यापेक्षां शुद्ध बोलतात. त्या म्हणाल्या, “पालकच मागतात, गुरुजी. आपण दिलें नाहीं, तर ते बसमध्यें बसवतील. मग मराठीहि जाईल आणि शाळाहि जाईल.”

सिस्टरांचें म्हणणें मला सहज उडवून लावतां येईना. ज्या घरांना दोन पिढ्यांपूर्वीं शाळेचा उंबरा चढूं दिला नव्हता, त्यांनीं आतां इंग्रजी मागितली, तर त्यांना मातृभाषेचें महात्म्य ऐकविणारा मी कोण? माझीं स्वतःचीं नातवंडें इंग्रजी शाळेंतच जातात, हें येथें कबूल करणें बरें. तरीहि मीं विरोध केला. मीं त्यांना आठवण करून दिली, कीं ज्या फादर स्टीफन्सनीं गोव्यांत १६१६ सालीं क्रिस्तपुराण छापलें, ते जन्मानें इंग्रज होते. आणि त्यांनीं तें आपल्या भाषेंत लिहिलें नाहीं, मराठी ओव्यांत लिहिलें, तेहि थोडेंथोडकें नव्हे, सुमारें अकरा हजार ओव्या. फादर हंसले. म्हणाले, “गुरुजी, स्टीफन्सना पट भरायचा नव्हता.” या उत्तरावर माझ्याजवळ प्रत्युत्तर नव्हतें.

म्हणून मीं वाद सोडला आणि एक गोष्ट केली. चौथीचीं जीं मुलें दाखला न्यायला आलीं होतीं, त्यांना एकेक करून लिंबाच्या झाडाखालीं बोलावलें आणि दुसरीच्या पुस्तकांतलें एक पान वाचायला दिलें. कांहींनीं झुळझुळ वाचलें. कांहीं अडखळत पार पडलीं. आणि कांहीं पहिल्याच जोडाक्षराशीं थांबलीं तीं थांबलींच. बैठकींतलीं सर्व मंडळी मागें उभी राहून पाहत होती. थांबलेल्या मुलांचीं नांवें सिस्टरांनीं हजेरीपटाशीं ताडून पाहिलीं. बहुतेक सर्व नांवांपुढें नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गैरहजेरीच्या फुल्या होत्या. इंग्रजीचा प्रश्न त्या फुल्यांच्या पुढचा आहे, एवढेंच मीं म्हटलें. ज्याला घरची भाषा वाचतां येत नाहीं, त्याच्या हातीं परकी लिपी दिल्यानें तो बसमधल्या मुलाच्या बरोबरीला कसा येणार? इंग्रजी विषय तर आपल्या राज्यांत २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. तो नीट बोलून शिकविणारा मास्तर मिळाला तर पालकांची निम्मी मागणी पुरी होईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि निदान पांचवीपर्यंत शक्य तेथें घरच्या भाषेंतून शिकवावें असें म्हटलें आहे. मात्र धोरण छापील असतें आणि बस खरीखुरी असते, हें मला समजतें.

आतां माझा दोष सांगतों. सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. तेव्हां मुलांना खालच्या वर्गांतहि नापास करतां येत असे. पुढें कायद्यानें तें बंद झालें, आणि आतां पांचवी-आठवीला पुन्हां परीक्षेची अट आली आहे. माझ्या तिसरीच्या वर्गांत एक हुशार मुलगी होती. पाढे ती इतरांना शिकवी. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ती उसाला गेली. जातांना तिची आई शाळेच्या दारांत येऊन म्हणाली, “नांव तेवढं काढू नका, गुरुजी. कारखाना बंद झाला की येतोच आम्ही.” मीं नांव काढलें नाहीं. परीक्षा संपल्यावर आठच दिवसांनीं ती मुलगी आली, पाटी-दप्तर घेऊन, उन्हानें काळवंडलेली. तिची परीक्षा निराळी घेणें माझ्या हातांत होतें. एक दुपार गेली असती. परंतु निकालपत्रक तयार झालें होतें, शाईनें लिहिलेलें. खाडाखोड केलेली मला आवडत नसे. माझीं निकालपत्रकें नमुना म्हणून दाखविलीं जात, त्याचा मला अभिमान होता. तिच्या नांवापुढें मीं “गैरहजर, नापास” असें सुंदर अक्षरांत लिहिलें. जूनमध्यें ती आली नाहीं.

पुष्कळ वर्षांनीं, मी निवृत्तीला आलों असतां, एक बाई मुलाचें नांव घालायला आली. अर्जावर अंगठा कीं सही, असें मीं सवयीनें विचारलें. तिनें पेन घेतला आणि एकेक अक्षर कोरून नांव लिहिलें. मग म्हणाली, “तिसरीपर्यंतचं एवढंच राहिलंय, गुरुजी.” तिनें मला ओळखलें होतें, मीं तिला तें नांव वाचून ओळखलें. तिनें दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें वाटलें असतें.

ही हकीकत मीं बैठकींत प्रथमच सांगितली. त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं; पण नंतरच्या चर्चेचा ओघ बदलला. मिशनचें बोर्डिंग आहे. सरकारचीहि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण ती सुरू होईतों ट्रक निघून गेलेले असतात. म्हणून आमच्या बोर्डिंगांतील जागा दसऱ्यालाच राखून ठेवाव्या, आणि पालकांशीं बोलणें मुकादम उचल वाटण्यापूर्वीं, म्हणजे पावसाळ्यांतच करावें, असें ठरलें. मुलगी ठेवायला आया धजत नाहींत, ती धास्ती खोटी नाहीं. त्यासाठीं सिस्टरांनीं स्वतः घरोघर जायचें कबूल केलें. जीं मुलें तरीहि जातील, त्यांच्यासाठीं परतल्यावर एप्रिलअखेर आणि मेमध्यें सकाळचा दोन तासांचा वर्ग. आणि त्यांचें मूल्यमापन त्या वर्गानंतर. निकालपत्रकांत तेवढ्या रकान्या कोऱ्या ठेवाव्या लागतील. नव्या मुख्याध्यापकबाईंनीं विचारलें, “वरून विचारणा झाली तर?” फादर म्हणाले, “कोऱ्या कां आहेत तें लिहून देऊं.”

माध्यमाचा निर्णय झाला नाहीं. संस्थेला पत्र जायचें आहे. मसुदा मीच लिहिला, फादरांनीं त्यांतलीं माझीं दोन विशेषणें खोडलीं. पहिलींत किती मुलें येतात यावर पुष्कळ अवलंबून राहील. आमच्याकडे लोक गांवांत कमी आणि शेतवस्त्यांवर जास्त राहतात. कांद्याचें आणि कपाशीचें रान तुडवीत एकेक घर गांठावें लागतें. सहा वर्षें पुरी झालेल्या मुलांची यादी अंगणवाडीच्या बाईंकडून मिळाली आहे. शिवना नदीकडच्या वस्त्या माझ्याकडे आल्या आहेत, कारण तिकडचे बहुतेक बाप माझ्या हातचा मार खाल्लेले आहेत आणि मला नाहीं म्हणायला अजून कचरतात. सोमवारपासून, ऊन चढण्यापूर्वीं, सकाळीं सहाला निघायचें ठरलें आहे. शाळा जूनच्या मध्यास उघडेल.